गोजरबाईचे पितर

जवळ सरका, आणि मध्ये कुणी हूं की चूं करायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नव्हे. आमच्या अंबरनाथच्या दिनानाथ परांजप्याच्या बाबतीत घडलेली आहे. साल पंचावन्न.

शिवमंदिराकडे जाणारा रस्ता रुंद करायचा होता. वाटेतली शंभर वर्षांवरची घरं जुनी म्हणून राखायची, बाकीची पाडायची, असं ठरलं. कुठलं घर कशात बसतं ते बघून यादी करायचं काम दिनानाथकडे आलं. माणूस वाईट नव्हता, पण अंमळ उतावळा. एका दिवसात बावीस घरं बघायची म्हटल्यावर तो घराचं वय छपरावरून ठरवू लागला. हातची नळीची कौलं दिसली की जुनं, मंगलोरी दिसली की नवं. उंबरा ओलांडायचं कामच नाही.

गोजरबाईचं घर शेवटचं. तिच्या नवऱ्याने, कोंडाजीने, मरायच्या आदल्या वर्षी छपरावर मंगलोरी कौलं घातली होती. दिनानाथने अंगणातूनच ‘नवे’ असं लिहिलं.

“दादा, कौलं नवी हायत, घर जुनंच हाय,” म्हातारी म्हणाली. “आत येऊन चुलीमागची काजळी बगा तरी.”

“नियम आहे, आजी.”

“पाडलंत तर माजे पितर कुठं येतील? दरसाली ह्याच छपरावर त्यांचं पान ठेवते मी. त्यांना दुसरी वाट म्हाईत नाय.”

उन्हाने दिनानाथचं डोकं तापलेलं. तो हसत म्हणाला, “मग आमच्याकडे पाठवा. नवं छप्पर आहे, ऐसपैस.”

असलं आवतण थट्टेतसुद्धा देऊ नये, बाबांनो.

वैशाखात घर पाडलं. गोजरबाई बदलापूरला, हेंद्रेपाड्यात लेकीकडे राहायला गेली.

मग आली भाद्रपदातली सर्वपित्री अमावस्या. दिनानाथची बायको उमा कल्याणला माहेरी होती. तो एकटाच जेवायला बसला. सव्वाआठ झाले होते. घड्याळ समोरच होतं, म्हणून वेळ पक्की.

कौल वाजलं.

मांजर असेल, असं म्हणून त्याने घास उचलला. पुन्हा वाजलं. मग शेजारचं... मग त्याच्या शेजारचं. पावलं होती. अनवाणी, जड. एकामागून एक.

तो कंदील घेऊन अंगणात आला. छपरावर कोणी नाही. आवाज मात्र चालू.

मग थांबला.

पंगतीला बसतात तसे ते ओळीने बसले होते. दिसलं काहीच नाही. कळलं...

वाट बघत होते.

त्याने ताटातला भात केळीच्या पानावर घातला आणि शिडी लावून कौलांवर ठेवला. दाराला कडी घालून रात्रभर कोपऱ्यात बसून राहिला. वरून कोणी उतरल्याचा आवाज आला नाही.

उजाडताच त्याने हेंद्रेपाडा गाठला. गोजरबाई लेकीच्या पडवीत बसली होती. पुढ्यात वाढलेलं पान, सुकलेलं.

“काल दुपारपासून बसलेय,” ती म्हणाली. “कावळा पन शिवला नाय. आमचे धनी पन नाय आले... कुनी दुसरीकडं बोलावलं असंल का वो त्यांना?”

दिनानाथ खाली बसला. यादी बदलतो म्हणावं, तर घराच्या जागी रस्ता झालेला. परत पाठवतो म्हणावं... तर कुठे? तिच्या पाया पडून तो निघाला.

घरी आला तर उमा परतली होती. तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात उभी होती. चुलीमागची पांढरी भिंत आढ्यापर्यंत काळीकुळकुळीत झाली होती. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी चूल पेटली की साचते, तसली काजळी. दिनानाथने नखाने खरवडून पाहिलं. थरावर थर निघत गेले, खाली चुना लागेना.

ते घर बांधून तेव्हा दोन वर्षं झाली होती.