दुधात उतरलेलं दुःख

"तुझ्या काळजाला पाझर फुटतो की नाही गं?" दुधाची बाटली ओट्यावर आपटत ग्रेगोरिया सुनेवर कडाडली. "लेकरू आकांत करतंय, आणि महाराणी बटाटे सोलतायत!"

नेलिदाने मान वर केली नाही. लेकीला उचलायला आसुसलेले हात तिने टोपलीत खोल खुपसले... पेरू देशातल्या आयाकुचोच्या त्या डोंगरात तिची व्यथा कळणार तरी कुणाला! ती जन्मली आणि आई गेली. "आईला गिळून आली" असं मावशी उठताबसता म्हणायची, आणि आपण शिवू ते करपतं, ही खूणगाठ तिच्या मनात कायमची बसली. बाळंतपणानंतर विनाकारण डोळे झरू लागले, तेव्हा सासूने बजावलं होतं, "रडत पाजू नकोस, दुःख दुधात उतरतं." डोळे काही थांबेनात... मग तिने पाजणंच थांबवलं! सुरुवातीला छाती दगडासारखी ठणकायची, आणि ती ओठ मिटून गोठ्यामागे जाऊन दूध मातीत पिळायची.

"हे नैराश्य आहे, शाप नव्हे," दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या. "मन खचलं की त्या क्षणी आत कोणतं वाक्य उमटलं, ते पकड. घरात कुणाला तरी ऐकव." वाक्य ती रोज पकडत होती, दरवेळी तेच निघायचं, ऐकवायचं धैर्य मात्र नव्हतं. आज कसं कोण जाणे, ते ओठांवर आलं.

"आई... तुम्ही ओरडलात ना, तेव्हा मनात आलं, मी विष आहे. पाजलं तर पोरगी मरेल माझी."

ग्रेगोरिया थिजली. "म्हणून तू...?"

"तुम्हीच म्हणाला होतात, उतरतं म्हणून..."

"अगं वेडे! तुझा नवरा अंगावर पीत होता तेव्हा माझा भाऊ दरीत पडून गेला. रडत रडतच पाजलं मी त्याला! आणि बघ तो बैल, पातेलंभर बटाटे रिचवतो नि दिवसभर शीळ घालतो!" तिचा आवाज एकदम फुटला. "सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगितलं... स्वतःचं पोर डोळ्यांसमोर असून मला कळू नये गं!"

तिने नात उचलून सुनेच्या छातीशी लावली. बाळाने ओढलं, पुन्हा ओढलं... आणि तोंड फिरवून टाहो फोडला. दूध केव्हाच आटलं होतं.

"आता काय आलं मनात? बोल, बाळा."

"उशीर झाला, आई."

हे वाक्य मात्र खोटं नव्हतं. ग्रेगोरियाने मायलेकींना आपल्या शालीत ओढून घेतलं. लेक रडतच होती. पण नेलिदाने तिला खाली ठेवलं नाही.