गाठ कुठेच नव्हती

“लेकरू हात पसरून रडतंय आणि महाराणी खुर्चीत बसून राहिल्यात! पोटची पोर जड झाली का गं तुला?”

सासूबाईंचे शब्द काळजात रुतले. पण उलट बोलायला तिच्याजवळ श्वासच कुठे होता... आडवं झालं की छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून ती हल्ली उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायची. लेकीला उचललं की धाप लागायची, आणि कुशीत घेऊन निजायचं तर आडवं व्हायला हवं, नेमकं तेच जमत नव्हतं! सासूबाईंना वाटलं, सून रुसलीय. त्या नातीला आपल्या खोलीत निजवू लागल्या, आणि त्यांच्या मनात गाठ बसली ती बसलीच.

एका सकाळी ओटा पुसता पुसता ती कोसळली.

दवाखान्यात कळलं, हृदयाभोवती पाणी साचलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते सुईने काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “लिम्फोमा आहे. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. बहुतेकांना गाठी येतात, हिला कुठेच नाही. सगळा त्या पाण्यातच. फार क्वचित होतं असं. औषधं देऊ, पण... फार आशा धरू नका.”

“गाठच नाही म्हणताय, मग कॅन्सर कसला हो?” सासूबाई भांडायलाच उठल्या. “नीट बघा परत!”

बघितलं. औषधं झाली, पाणी पुन्हा भरलं, पुन्हा काढलं... शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, “घरी न्या आता.”

ती त्याच खुर्चीत येऊन टेकली, तशा सासूबाई नातीला कडेवर घेऊन समोर आल्या आणि ओक्साबोक्शी रडू लागल्या.

“गाठ माझ्या मनात होती गं! मला मेलीला बसून झोपणारी सून दिसली, तिचा कोंडलेला जीव नाही दिसला... घे, तुझी लेक घे!”

पोरीने हात पसरले. त्या ऊबदार ओझ्यासाठी तिचा जीव किती आसुसला होता! तिने लेकीची इवलीशी मूठ ओठांना लावली... आणि हळूच पुन्हा सासूबाईंच्या खांद्यावर ठेवली.

“नको, आई. तुमच्याच कुशीत झोपायची सवय झालीय तिला. आता मोडू नका.”

“अगं, पण आई तू आहेस तिची!”

“म्हणूनच सांगतेय ना...”

पोर थोडी कुरकुरली, मग अंगठा चोखत आजीच्या खांद्यावर झोपी गेली, आईकडे पाठ करून. आणि ती खुर्चीत ताठ बसून, उरल्यासुरल्या श्वासानिशी, त्या एवढ्याशा पाठीकडे बघत राहिली...