नलू कुठवर आली?

अमर, तो टीव्ही बंद कर. वैष्णवी, तू जरा इकडे सरक. हे ऐकीव नाही हो. भीमराज अन् मी आर्णीच्या एकाच कचेरीत बाजूबाजूच्या टेबलांवर बसत होतो.

दोन हजार सातचा डिसेंबर. कापसाची लय वाईट वर्षं होती ती, कचेरीत कामाचे ढीग. बुधवारच्या रात्री दीड वाजता भीमराज जीप घेऊन एकटाच नागपूरले निंगाला. सकाळी साडेसातच्या विमानानं त्याची बहीण नलू येणार होती. अमेरिकेहून.

साधं काम. पण भीमराजनं तिले खरं सांगतलं नव्हतं.

त्याची माय पंधरा दिवस अंथरुणाले खिळली होती. रोज विचारे, "नलूले फोन केला का रे?"

हा म्हणे, "केला. तिले सुट्टी नाही भेटत. साडेबारा हजार किलोमीटर हाये माय. निस्तं मुंबईपर्यंत पंधरा तास."

फोन केलाच नव्हता. नलूचा आला तर तिले सांगे, माय बरी हाये, झोपली हाये.

नंतर मले म्हणाला, "नरहरभाऊ, सेवा मी करून राह्यलो, अन् मायच्या तोंडात नाव सदा नलूचं. मले राग येत होता."

मंगळवारी दुपारी माय गेली. मंग यानं फोन लावला. तवाही खरं नाही सांगतलं. 'सिरियस हाये, निघ,' एवढंच. बुधवारी सकाळी दहा वाजता इकडे मायले अग्नी दिला, तवा नलूचं विमान समुद्रावर होतं.

तर रात्री यवतमाळ मागं पडलं. कळंब गेलं. रस्त्यावर एक दिवा नाही.

मागच्या सीटवरून आवाज आला.

"नलू कुठवर आली रे?"

पंधरा दिवसांची सवय. याच्या तोंडून निंगून गेलं, "मुंबईले उतरली असंल, माय."

अन् मंग... ध्यानात आलं. आरशात पाह्यलं नाही. जीप थांबवली नाही.

थोड्या वेळानं पुन्हा. कानाजवळ.

"सुट्टी भेटली का तिले?"

भीमराज रडाले लागला. "माय... मी तिले विचारलंच नव्हतं."



मंग नागपूरपर्यंत मागून आवाज आला नाही.

नलू विमानतळाच्या बाहेर आली. यानं तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "दादा, माय गेली ना?"

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणीच नाही. विमान सुटल्यावर दोन-तीन तासांनी डोळा लागला. झोपेत कोणीतरी केस विंचरत होतं. मुंबईत आरशात पाह्यलं तर..."

ती पाठमोरी झाली. तेल लावून घट्ट घातलेली वेणी. टोकाले पांढरी चिंधी, जांभळ्या काठाची.

भीमराज खाली बसला. तिथंच, लोकांच्या पायांत, त्यानं तिले सगळं सांगतलं. एकही गोष्ट लपवली नाही.  घरी आल्यावर तिनं वेणी सोडली अन् चिंधी त्याच्या हातात ठेवली.

मायले जे लुगडं नेसवून चितेवर ठेवलं, ते भीमराजनं मंगळवारी सांजच्याला दुकान उघडवून आणलं होतं. नवं कोरं. पांढरं, जांभळ्या काठाचं.

ती चिंधी मी हातात घेऊन पाह्यली हाये, पोट्टेहो. एका बाजूनं हातानं फाडलेली.

जळल्याचा डाग कुठंच नाही.