कापसाच्या वखारीतला आड

टण्... टण्... पितळी कटोरा फरशीवर आपटल्याचा तो आवाज जैनोद्दीन भिश्त्यानं आठ वर्षांपूर्वी ऐकला होता, लागोपाठ दोन दिवस.

तेव्हा उस्मानाबादेत पटकीची, कॉलऱ्याची साथ होती. एका रिकाम्या कापसाच्या वखारीत रोगी आणून टाकले होते. पटकीच्या रोग्याला पाणी दिलं तर तो मरतो, असं जाणतेसुद्धा सांगत. कुणी पाणी देऊ नये म्हणून दारावर जैनोद्दीनलाच बसवलं. खांद्यावर पाण्यानं भरलेली कातडी मशक, आणि आत त्याची बायको मैमुना कटोरा आपटतेय. सात वर्षांच्या चाँदबीनं चोरून तो कटोरा भरला, आईच्या ओठांपर्यंत नेला. जैनोद्दीननं तो हिसकून वखारीतल्याच आडात फेकला. पोर नुसती बघत राहिली. दिवस मावळायच्या आत मैमुना गेली, आणि पुढं आडावर शिळा बसली.

यंदा गावातल्या आडांचं पाणी तळाला गेलं, म्हणून हैदराबादेहून पाणी तपासणारे डाक्टर आले. वखारीतल्या आडावरची शिळा सरकवली. खाली पाणी होतं. नमुन्यासाठी उकळून घेतलेली बाटली, तिला वजन, बुचाला वेगळी दोरी. बाटली बुडाली की बूच ओढायचं. काम जैनोद्दीनकडं आलं. भर दुपारी चाँदबी त्याची भाकरी घेऊन आली आणि दाराशी टेकली.

पहिली बाटली कोरडी ठणठणीत वर आली.

"बूच ओढायचं विसरलात का, चचा?" डाक्टर हसले.

दुसऱ्या खेपेला बुडबुडे दोघांनीही ऐकले. दोरी जड झाली, आणि निम्म्यावर येताच हलकी. बाटली कोरडी. फक्त तोंडाशी ओल.

डाक्टरांनी बजावलं, तपासल्याशिवाय हे पाणी कुणी तोंडाला लावायचं नाही. रोग्यांच्या जागेतला आड, तळाशी काय असेल सांगता येत नाही. मग बाटली पुसता पुसता सहज म्हणाले, "आता पटकीच्या रोग्याला पाणीच देतात, चचा. मीठ घालून. पाण्यावाचूनच मरतात ते."

जैनोद्दीननं तिसरी बाटली आडात सोडली. आडातून आवाज आला. टण्... टण्...

"काय वाजतंय?"

"कटोरा हाय, साहेब... आमच्या घरातला."

तिसरी बाटली त्यानं दोन्ही हातांनी, हळूहळू ओढली. निम्म्यावर ती पुन्हा हलकी झाली, तेव्हा त्यानं खाली पाहिलंच नाही. दाराकडं पाहिलं. आडापासून दहा पावलांवर चाँदबी भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती, जवळ ना तांब्या ना घागर. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"बेटी... तू पाणी पिलीस व्हय? हे तपासलेलं न्हाय गं..."

आडातलं वाजणं थांबलं होतं. चाँदबीनं त्याच्याकडं पाहिलं, सात वर्षांची असताना पाहिलं होतं तसंच. ओढणीनं सावकाश तोंड पुसलं, भाकरी उंबऱ्यावर ठेवली, आणि उन्हात चालत गेली.