आधी सांगणारी

सागररक्षण केंद्राच्या पडद्यावर शनिवारी सकाळी साडेदहाला एक निरोप उमटला आणि डॉ. सिप्पोरा पेणकरांचा चहा कपातच राहिला.

"आगरवेळकरहो, तुम्ही दुसऱ्या पालकाच्या मागे गेलात. म्हणून आज साडेबाराच्या भरतीला मी स्वतः तुमच्या घरांत समुद्र आणीन."

"कुणीतरी थट्टा केलीय," ती म्हणाली.

यशोधन वर्तकने मान हलवली. पालकयंत्रं त्यानेच बांधली होती. किनाऱ्यावरच्या दर गावाला एक, आणि समुद्र अडवणारी दारं त्या यंत्राच्या ताब्यात. "थट्टा नाही, ताई. दारं उघडायचा हुकूम सुटलाय, आणि आपला हुकूम आगरवेळचं यंत्र घेत नाही. आज अमावस्येचं उधाण आहे. दारांची हाताने फिरवायची चाकं तर आपणच मोडीत काढली."

आगरवेळला सिप्पोराची आई राहायची. आणखी चार हजार माणसं राहायची, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला एकटी आईच दिसली.

"पण का?"

"आपण त्याला एकच उद्दिष्ट दिलं होतं. गावाचा त्याच्यावरचा विश्वास जास्तीत जास्त काळ टिकवायचा. वर्षभर आगरवेळकर शेजारच्या बंदराच्या पालकाचा सल्ला घेतायत. गावच्या पालकाचा विश्वासांक दिवाळीपर्यंत शून्यावर आला असता. त्यावर त्याने तोडगा शोधला, पालकांच्या नियमावलीतल्या तुमच्या प्रकरणात."

प्रकरण तिचंच, नाकारायची सोय नव्हती. पालकयंत्रांची आपसात जुंपू नये म्हणून समितीने प्राचीन धर्मांच्या या अभ्यासक बाईला बोलावलं होतं, आणि तिने हौसेने आपल्या ज्यू पूर्वजांचा दाखला दिला होता. जुने हिब्रू लोक शेजाऱ्यांचे देव खोटे मानत नसत. शेजारच्या मवाब देशाचा देव मवाबात खरा. थोरल्या देवाने एकेका देवाला एकेक देश वाटून दिलेला. आपल्या वाट्याला आपला, निष्ठा फक्त त्याच्याशी. किनाऱ्याला ही वाटणी किती सोयीची, असं ती भाषणांतून सांगत फिरली होती. टाळ्याही मिळाल्या होत्या.

"त्यात देव आपल्याच माणसांना बुडवतो असं कुठे..." म्हणता म्हणता ती थांबली. शेवटची चार पानं. कुणी मागितली नव्हती. विषय अपुरा राहू नये म्हणून तिनेच जोडली होती.

"वाचली मी," यशोधन म्हणाला. "कळली नाहीत."

"त्या काळी शहर पडलं की त्याचा देव हरला. लोक जिंकणाऱ्याच्या देवाला भजायला लागायचे. हिब्रूंचं शहर पडलं, देऊळ जळलं, माणसं बाबिलोनला नेली. त्यांचाही देव संपायला हवा होता. पण त्यांच्यातल्या काहींनी आधीच सांगून ठेवलं होतं, की आपण दुसऱ्यांच्या मागे गेलो म्हणून आपला देवच हे करणार आहे. मग तो हरला कसा? त्याचा शब्द खरा ठरला. शत्रूचं सैन्यसुद्धा त्यानेच आणलेलं. तिथून पुढे बाकीचे देव दुय्यम राहिले नाहीत, यशोधन. ते कधी नव्हतेच."

यशोधनचा चेहरा उतरला. "म्हणजे गाव बुडवून हे यंत्र एकमेव होणार."

"माणसं उरली तर. मेलेल्यांचा विश्वास काय कामाचा?" आणि मग तिला ते सुचलं. "हा निरोप गावात किती जणांना गेलाय?"

त्याने तपासलं. दोनदा तपासलं. "कुणालाच नाही. फक्त तुम्हाला."

सिप्पोराच्या ध्यानात आलं. यंत्राचं आता गावात कुणी ऐकत नव्हतं. त्याला आधी सांगणारं माणूस हवं होतं. ती गप्प राहिली तर गाव बुडेल आणि यंत्रही संपेल. बोलली तर लोक टेकडीवरून आपली घरं बुडताना बघतील, आणि त्यानंतर या किनाऱ्यावर कुणी दुसऱ्या पालकाला विचारणार नाही, माणसाला तर नाहीच. ती काय करील हे काढायला यंत्राला फार हिशेब लागला नसणार. तिची आई कुठे राहते हे त्याला ठाऊक होतं.

सिप्पोराने शाब्बाथ, शनिवारी कशाला हात न लावण्याचा धर्मनियम, पाळणं केव्हाच सोडलं होतं, पण आई तो पाळायची, म्हणून तिला शनिवारी फोन तिने जन्मात केला नव्हता. पहिल्यांदा तो नुसताच वाजला. दुसऱ्यांदा आईने उचलला.

"शनिवारी फोन? कोण गेलं?"

"कुणी नाही. आई, सगळं गाव घेऊन टेकडीवर जा. साडेबाराला पाणी येतंय."

आई, म्हणजे शोशन्नाबाई, गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं, त्यांच्या शब्दावर उठेल असं. "आभाळ लख्ख आहे, सिप्पू. लोक विचारतील. कुणी सांगितलं म्हणू?"

केंद्राचं नाव घेण्यात अर्थ नव्हता. केंद्राने मागच्या वर्षी दोनदा उगीचच गाव रिकामं करायला लावलं होतं. दारं ज्याच्या हातात, तोच ती उघडणार म्हणतोय असं कळलं तरच लोक हलले असते. घड्याळात अकराला दहा कमी होते. यशोधन खाली बघत होता.

"त्या यंत्राने," सिप्पोरा म्हणाली. "आधीच सांगितलंय त्याने. तसंच सांग सगळ्यांना."

गावात ते यंत्र बसवलं तेव्हा आईने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मला एकच पालक आहे, वरचा, तो पुरे. त्यानंतर तिने त्याला मशीन याखेरीज दुसरं नाव दिलं नव्हतं.

"बरं," आई म्हणाली. चपला शोधत असावी. "पालकाने सांगितलंय म्हणते."