ग्लॅम मेटल वजा केस

खरं प्रेम माणसाच्या अंतरंगावर जडतं. रंगरूप, केशभूषा असल्या वरवरच्या गोष्टींना त्यात काडीची किंमत नसते. तिचं प्रेम केसांवर जडलं.

त्यातही ते केस त्या वेळी फारशा बऱ्या अवस्थेत नव्हते. शनिवारची संध्याकाळ. बाहेर पाऊस कंटाळल्यासारखा पडत होता. मावशीचं पार्लर रिकामं होतं आणि मावशी गिऱ्हाइकांच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. एवढ्यात दार ढकलून एक उंच माणूस आत आला. अंगाला चिकटलेली चंदेरी विजार, डोळ्यांतून निघून गालांपर्यंत पोचलेलं काजळ, पाठीवर गिटार, आणि खांद्यांवर ओघळलेला तो ओलाचिंब केशसंभार.

"केस उभे करून मिळतील का?"

"कुणाला घाबरवायचंय?" मावशीने विचारलं.

"कार्यक्रम आहे. समोरच्या हॉलमध्ये. आत्ताच."

मावशी खुर्चीतून उठली, म्हणजे काम भाचीचं आहे असं ठरलं. भाचीने टॉवेल घेतला. ओल्या केसांत बोटं घातली, आणि का कोण जाणे, ती लगेच बाहेर काढावीशी वाटेनात.

"किती उभे करू?"

"राहतील तेवढे."

तिने ड्रायर लावला, उलट्या कंगव्याने एकेक बट फुगवली आणि स्प्रेची बाटली हलवली. "डोळे मिटा."

"कुणी डोळे मिटायला सांगितलं, की मला वाटतं आता काहीतरी छान होणार…"

"स्प्रे होणार आहे."

त्याने मुकाट्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा आरशात तो चांगला वीतभर उंच झाला होता. त्याने आधी स्वतःकडे पाहिलं, मग आरशातूनच तिच्याकडे — आणि तिकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"कसला बँड आहे तुमचा?" तिने कंगवा पुसत विचारलं. तो आधीच स्वच्छ होता.

"ग्लॅम मेटल."

"म्हणजे काय?"

त्याने तोंड उघडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि गिटार उचलली. "पुढच्या शनिवारी सांगतो."

अशा रीतीने एका संगीतप्रकाराची व्याख्या हप्त्याहप्त्याने पुरी व्हायला लागली. बँडमध्ये तो बेस गिटार वाजवायचा आणि दिवसा एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मावशीने त्याचं नाव 'आयाळ' ठेवलं.

"मेटल म्हणजे आवाज," तो पुढच्या खेपेला म्हणाला. "गिटार कर्कश हवी, ड्रम छातीत वाजले पाहिजेत. पण वरची चाल गोड. इतकी, की दुसऱ्यांदा ऐकल्यावर तुमच्या मावशींनाही गुणगुणता यावी."

"मला कशाला मध्ये ओढता?" मावशी म्हणाली. ती गुणगुणतच होती.

त्याच्या पुढच्या शनिवारी कपडे. "असे, की आपण घरातून निघाल्यावर आईने खिडकीत यायचं टाळावं." मग एकट्या गिटारची करामत. "गाण्याच्या मध्येच सगळे थांबतात आणि मुख्य गिटारवाला एकटाच सुटतो. आम्ही बाकीचे तोवर पाण्याची बाटली शोधतो."

"आमच्याकडेही तसंच आहे," ती मावशीकडे न बघता म्हणाली. "फक्त एकटीने सुटायचं काम माझ्याकडे."

केसांचं मात्र तो काही बोलेना. तिने वाट पाहिली. शेवटी एकदा न राहवून विचारलंच, "आणि केस? ते नाही का व्याख्येत?"

"केसांवरूनच तर भांडण आहे. काही लोक आम्हाला 'हेअर मेटल' म्हणतात. शिवी म्हणून."

तिचा कंगवा थबकला. "केसांत कसली आलीये शिवी?"

"म्हणजे डोक्यावर आहे तेवढंच आहे, डोक्यात काही नाही, असं." तो हसला. "खरं सांगायचं तर ग्लॅम मेटल चालीवरून ठरतं. केस नसले तरी…"

"नाही," ती म्हणाली. "केसांशिवाय नाही होत."

"तुम्हाला हो काय माहीत?"

"मला माहीत आहे."

संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण केसांशिवाय भागतं असं एकदा मान्य केलं, तर शनिवारी हा माणूस इथे येणार कशाला?

बाकीचे वार ती कसेबसे ढकलायची. हॉलचं बंद दार पार्लरच्या खिडकीतून दिसायचं. ती त्या दाराकडे बघत राहायची. जणू फार बघितलं तर ते आजच उघडेल. एकदा ॲप्रनच्या खिशात एक लांब केस सापडला. तिने तो फेकला नाही. ठेवला असंही म्हणता येणार नाही. फक्त खिशातच राहू दिला. एका शाळेच्या बाईंचे केस तिने तंद्रीत असे काही फुगवले, की मावशीने तिला बाजूला ओढलं.

"अगं, त्यांना वर्गात शिकवायला जायचंय. मुलांनी टाळ्या वाजवायच्या का?"

असाच एक शनिवार. तो आरशातून तिला निरखत होता.

"तुम्ही लांबचं बघताना डावा डोळा बारीक करता. तपासून घ्या एकदा."

"मी लांबचं बघतच नाही."

"खिडकीतून बघता."

तिने पुढची बट उचलली. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाली, "व्याख्या संपली का तुमची?"

"एक राहिलंय. संथ गाणं. तीन गाणी धिंगाणा घालायचा, मग दिवे उतरवायचे आणि जीव ओतून एक संथ गाणं म्हणायचं. ते नसेल तर बाकी सगळं असूनही तो बँड ग्लॅम मेटल नाही."

"तुमचं कुठलं आहे?"

"नाहीये ना आमचं. लिहिणार कोण? ड्रमवाल्याचा संसार आहे. गायक स्वतःच्याच प्रेमात आहे."

"आणि तुम्ही…?"

नेमका तेव्हाच ड्रायर चालू होता. "काय म्हणालात?"

"मान खाली."

आणि मग तो एका बुधवारी आला. केस कोरडे, विजार साधी, चष्म्याच्या दुकानातल्या कामाचा डगला अंगात. ती टॉवेल घ्यायला वळली. तो दारातच उभा राहिला.

"गायकाने ठरवलंय… लोकांना आता साधे दिसणारे बँड हवेत म्हणे. चौकडीचा शर्ट आणि पडलेला चेहरा. या शनिवारचा शेवटचा कार्यक्रम. रविवारी सगळ्यांनी केस कापायचे."

"आणि चाल?"

"तीही पडेल."

तिने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "कुठे कापणार?"

"इथेच… म्हणजे, तुम्ही कापणार असाल तर."

"कापेन की. कामच आहे ते."

तो गेला. चौकडीच्या शर्टाला स्प्रे लागत नाही, एवढं तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"सांगून टाक त्याला," मावशी आतून म्हणाली.

"काय सांगू?"

"मला विचारतेस होय गं?"

शनिवारी तिने आयुष्यातलं सर्वोत्तम काम केलं. एकेक बट अशी चढवली, की बघता बघता तो संभार आभाळाला भिडायच्या बेताला आला आणि आरशात त्याच्यामागे ती स्वतः दिसेनाशी झाली. समोर फक्त त्याच्या डोक्याची मागची बाजू. माणसाच्या मागच्या बाजूशी बोलणं सोपं असतं. ती आपल्याकडे बघत नाही.

"मी खोटं बोलले होते," ती हळूच म्हणाली. "केस नसले तरी ग्लॅम मेटल असतं. आणि… केस नसले तरी मला तुम्ही आवडाल. आत्ताही आवडता."

काहीच हललं नाही.

"ऐकलंत का?"

तो वळला. केसांचा पडदा बाजूला करून त्याने कानातून रबराचा पिवळा बोळा उपसला. "काय म्हणालात? ड्रमशेजारी उभं राहावं लागतं ना, म्हणून आधीच घालून ठेवतो हे."

"अजून थोडा स्प्रे मारू का, म्हटलं."

"मारा."

तिने मारला. डोळ्यांत पाणी आलं, त्याचं कारण आयतंच हातात होतं.

हॉलमध्ये ती दाराशी उभी राहिली. तीन गाणी छातीत वाजून गेली. मग दिवे उतरले. गायक बाजूला झाला — चेहऱ्यावरून तरी राजीखुशीने नव्हे — आणि माईकपुढे तो आला. त्याचा आवाज गायकासारखा नव्हता. जरासा घोगराच होता.

"डावा डोळा बारीक करून
बघतेस तरी कुठे लांब…
मी हाताच्या अंतरावर,
थोडं माझ्यापाशी थांब…"

लोक हात वर करून डुलायला लागले. शेजारच्या मुलीने मैत्रिणीला विचारलं, "डोळ्याला काय झालंय गं तिच्या?"

तिला स्टेज अंधुक दिसत होतं. तिने डावा डोळा बारीक केला. तरीही अंधुकच. दिवे लागायच्या आत ती निघून आली.

रविवारी तो आला तेव्हा मावशी टॉवेल धुवायला आत गेली. सगळे टॉवेल धुतलेलेच होते.

तिने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. कात्री हातात घेतली.

"गाणं ऐकलंत?"

"हो. चाल गोड होती. मावशीला गुणगुणता येईल अशी."

"बस, एवढंच?"

"डोळे तपासून घेईन म्हणते."

तो आरशात हसला, मग हसायचा थांबला. "मीही ऐकलं होतं. काल. स्प्रेच्या आधीचं."

कात्री हवेतच राहिली. "तुमच्या कानांत बोळे होते!"

"त्यांनी आवाज कमी होतो. बंद होत नाही. बंद झाला तर वाजवू कसा?"

"मग काल बोलला का नाहीत?"

"घाबरलो. गाण्यात बोलायला सोपं जातं." तो आपल्या हातांकडे बघायला लागला. "आणि… मला वाटायचं, तुझे हात माझ्या केसांसाठी येतात. केस गेले, की तुला माझ्यापाशी काही कामच उरणार नाही."

'तुझे' हा शब्द तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकला. ड्रायर बंद होता. त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

"कापू?"

"काप."

ती कापत गेली. इतक्या शनिवारांचं काम बटाबटांनी फरशीवर पडत होतं, आणि तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटत नव्हतं. त्याची मान तिने पहिल्यांदाच पाहिली. मानेवर एक बारीकसा तीळ होता. तिने त्यावर बोट ठेवलं. त्याने डोळे मिटले. या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं.

"झालं?" त्याने डोळे न उघडता विचारलं. "कसा दिसतो?"

आतून मावशी हात पुसत बाहेर आली, त्याच्याकडे बघून क्षणभर उभी राहिली आणि तशीच परत आत गेली.

त्याचे दोन्ही कान काटकोनात बाहेर आलेले होते.