पान्याचे दोन ठोके

हे खरं आहे. माझ्या देखत घडलंय.

लोक म्हणतात, रात्रीची वेळ असेल, भास झाला असेल. अहो, कसली रात्र! भर दुपारचा पाऊण वाजला होता. १९७९ साल, जानेवारी महिना, चिंचवडमधलं एक पत्र्याचं वर्कशॉप. तारीखही पाठ आहे मला, पण ती सांगवत नाही.

माझं नाव मधुसूदन. पेटी वाजवायचो, चाली बांधायचो आणि मिळेल त्या छोट्या कार्टून फिल्मला आवाज नि संगीत द्यायचो. नोकरी नव्हती. घरी एक स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, त्याला मी जिवापाड जपायचो. शेजारी विचारायचे, "मधुसूदनराव, नोकरीचं बघताय ना?" अस्सा राग यायचा!

त्या वर्षी मृदुलाताईंचं काम आलं. त्या आकुर्डीला राहायच्या, घरीच चित्रं काढून फिल्म करायच्या. ही चार मिनिटांची होती. कारखान्यात कामगारांनी हात कसे जपावेत, यावर.

हो. हात जपण्यावर.

त्यात एक वेंधळा कामगार होता. प्रेसचं मशीन खाली येतं आणि हा अगदी शेवटी हात काढतो. तेवढ्यासाठी मला प्रेसचा 'धप्प' हवा होता. "उशी आपटा टेबलावर, कुणाला कळतंय?" असं मृदुलाताई म्हणाल्याही होत्या. पण मला खराच पाहिजे होता. हौस दांडगी ना!

वर्कशॉपचे सुपरवायझर बबनराव ओळखीचे. म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत या. बाकीची मशीनं बंद असतात."

त्या प्रेसवर दोघं जण असायचे. पुढे पायडलवर जयसिंग, मागे पत्रा लावायला बिरू. दोघंही चाकणकडच्या एकाच गावचे. मशीनच्या आडून एकमेकांचे हात दिसायचे नाहीत, म्हणून त्यांची एक पद्धत होती. बिरू हात आत घालायच्या आधी पान्याने मशीनवर दोनदा ठोकायचा.

ठक्... ठक.

म्हणजे, हात आत जातायत, पाय काढ. हात बाहेर आले की तो "हां!" म्हणायचा. मगच जयसिंग दाबायचा.

पहिल्या खेपेला टेपवर हे सगळंच आलं. ठोके, 'हां', आणि मग धप्प.

मी वैतागलो. "बिरूभाऊ, ठोकणं नको, बोलणंही नको. मला नुसता धप्प पाहिजे."

जयसिंग म्हणाला, "सायेब, इशाऱ्याबिगर न्हाई दाबत आमी."

"अहो, एकदाच! मी हात वर धरतो. खाली केला की दाबा."

बिरू हसला. "दाब रं जयसिंग. सायबाला वाजवू दे त्येंचा बाजा."

त्याने पत्रा लावला. मी हात वर धरला. डोळे मात्र टेपरेकॉर्डरच्या आवाज दाखवणाऱ्या काट्यावर. बाहेरून एक लॉरी गेली. ती लांब जाईपर्यंत थांबलो. काटा स्थिर झाला. सगळं शांत झालं...

मी हात खाली केला.

बिरूकडे मी पाहिलंच नव्हतं. तेवढ्या वेळात पत्रा तिरका झाला होता. तो सरळ करायला त्याने हात आत घातला होता. ठोकलं नाही, कारण मी नको म्हणालो होतो.

पुढचं सांगत नाही. मनगटापर्यंत हात गेला. नवव्या दिवशी धनुर्वाताने बिरू गेला.

बबनरावांनी मला बाजूला घेतलं. "बाहेरचा माणूस आत होता, हे कुठंही यायला नको. तुम्ही आलाच नव्हता. कळलं?"

कागदावर लिहिलं गेलं, बिरूने न ठोकता हात आत घातला, चूक त्याचीच. जयसिंगनेही मान खाली घालून सही केली. सुटलो बाबा, असं वाटलं मला. लाज वाटते सांगताना, पण वाटलं.

आणि आणखी एक केलं मी. तो धप्प फार स्वच्छ आला होता. त्यामागची किंकाळी ब्लेडने कापली... आणि तोच आवाज फिल्मला लावला.

होय, तोच. उशी आपटून दुसरा करता आला असता. नाही केला.

फेब्रुवारीत मृदुलाताईंकडे टेप लावली. त्या चित्रांचा तक्ता घेऊन बसल्या. कुठल्या चित्राला कुठला आवाज, ते त्यात लिहिलेलं असतं. आधी पेटी वाजली. मग पावलं. मग शांतता...

ठक्... ठक.

धप्प.

"हे ठोके कशाचे?" त्यांनी विचारलं. "तक्त्यात तर नाहीत."

मी टेप थांबवली. ती खेप बिनठोक्याची होती हो! त्यासाठीच तर सगळं झालं होतं.

घरी येऊन तेवढा तुकडा कापला, तिथे कोरी टेप जोडली. कापलेला तुकडा वेगळा लावून ऐकला. त्यात काहीच नव्हतं. मग जोडलेली टेप लावली...

ठक्... ठक.

तीनदा कापली. तीनदा तेच. शेवटी तशीच मुंबईला नेली आणि आवाज फिल्मवर चढवून आणला.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. फिल्म त्याच वर्कशॉपमध्ये दाखवायची ठरली. मला जायचं नव्हतं, पण मृदुलाताईंना सांगायला कारण सापडेना. दुपारीच दारांना ताडपत्र्या लावून अंधार केला, पांढरी चादर टांगली. कामगार खाली बसले. मागे भिंतीशी कस्तुरा उभी होती. बिरूची बायको. तो गेल्यावर तिला तिथेच झाडलोटीला लावलं होतं.

वेंधळ्या कामगाराला सगळे खो खो हसत होते. मग पडद्यावर प्रेस आला. हसणं थांबलं...

ठक्... ठक.

"बंद करा!" कस्तुरा ओरडली.

प्रोजेक्टर थांबला. कुणीतरी ताडपत्री सरकवली.

"ह्यो त्येंचा हात हाय," ती म्हणाली. "पयला जोरात, दुसरा हळू. घरात येताना चौकटीवर बी असंच ठोकायचे. मंजी त्येंनी इशारा दिला व्हता! समदे म्हन्तात, बिरू चुकला. माझ्या पोरांना बी त्येच ऐकावं लागतं." मग ती माझ्याकडे वळली. तिला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. "तुमी व्हता न्हवं तितं? दिला व्हता न्हवं त्येंनी इशारा?"

जयसिंग उठून उभा राहिला. "सायेब, काय झालं त्ये सांगा की," एवढंच म्हणाला. रागाने नाही म्हणाला. वाट बघत होता बिचारा.

एकच वाक्य होतं. मी नको म्हणालो, आणि हात मी खाली केला. जिभेवर आलं होतं...

मी म्हणालो, "हो. दिला होता त्याने इशारा."

सगळ्या नजरा जयसिंगकडे वळल्या. इशारा मिळूनही दाबलं म्हणजे याने मारला! तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली. आणि कस्तुराने, अहो, कस्तुराने मला हात जोडले. "लई उपकार झाले," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून जयसिंग कामावर आला नाही. गावात त्याला कुणी दारात उभं करेना. पुढे कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही.

त्यानंतर फिल्म कितीतरी ठिकाणी दाखवली. ठोके पुन्हा कधी आले नाहीत. मला वाटलं, मिटलं.

एका सकाळी पेटी काढली. भाता उघडला, सुरांवर ठेवायला हात उचलला...

ठक्... ठक.

पेटीच्या लाकडावर. अगदी जवळून. पहिला जोरात, दुसरा हळू.

हात आत आहेत.

मी 'हां' ऐकू यायची वाट पाहिली. नाही आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, पुन्हा ठोके आले, 'हां' नाही. किती वर्षं झाली आता! पेटीवर धूळ बसलीय. घरचे म्हणतात, विकून टाका.

आजही हे लिहायच्या आधी बसून पाहिलं. हात उचलला, ठोके आले. मी कान देऊन थांबलो. कितीतरी वेळ हात तसाच वर होता.

खाली करायची हिंमत होत नाही.